ती बाकं रिकामीच राहोत

प्रिय एस्तादियो नासिओनाल,



दक्षिण अमेरिकेतल्या स्टेडियमांची नावं विचारली, तर आमच्याकडचा फुटबॉलवेडा माणूस आधी माराकाना म्हणेल, मग बॉम्बोनेरा. जुना इतिहास वाचलेला असेल तर माँटेव्हिडिओचं सेंतेनारिओ त्याला आठवेल. विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. चिलीचा झेंडा त्यांच्यात क्वचितच असतो, म्हणून तुझं नाव कुणाच्या ओठावर येत नाही. सांतियागो शहराच्या न्युन्योआ भागात, अँडीजच्या बर्फाळ रांगेच्या नजरेच्या टप्प्यात, तू १९३८ पासून उभा आहेस. हे पत्र मी जाहीरपणे लिहितो आहे, कारण यातली एकही गोष्ट तुला नवी नाही. ती ठाऊक व्हायला हवी ती आम्हाला, खेळ पाहणाऱ्यांना.

तुझा जन्म थाटात झाला. ३ डिसेंबर १९३८ ला उद्घाटन झालं, तेव्हा तुला उभारणारे राष्ट्राध्यक्ष आर्तुरो आलेस्सांद्री यांच्या कारकिर्दीचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. पहिल्या सामन्यात कोलो-कोलो या सांतियागोच्या लाडक्या संघानं रिओच्या साओ क्रिस्तोवाओला ६-३ असं हरवलं. तरी शहरातल्या शहाण्यांनी नाकं मुरडलीच. एवढ्या आडबाजूला एवढं अवाढव्य मैदान कशाला, ते भरणार कोण, हा पांढरा हत्ती पोसायचा कुणी, अशी कुरकुर चालू राहिली. पुढे २९ डिसेंबर १९६२ ला युनिव्हर्सिदाद दे चिले आणि युनिव्हर्सिदाद कातोलिका या दोन स्थानिक संघांचा सामना पाहायला ८५,२६८ माणसं तुझ्यात मावली आणि तो प्रश्न कायमचा निकालात निघाला.

त्याच वर्षी विश्वचषक तुझ्या अंगणात आला होता. तो येईल की नाही याचीच आधी शंका होती. २२ मे १९६० ला दक्षिण चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत आजवरचा सर्वांत मोठा. गावंच्या गावं आडवी झाली. स्पर्धा दुसऱ्या देशात हलवा असा सूर निघाला, पण संयोजन समितीचे कार्लोस डिटबॉर्न हटले नाहीत. स्पर्धेला महिना उरला असताना ते वारले. २ जूनला चिली आणि इटली तुझ्या गवतावर खेळायला उतरले आणि अक्षरशः एकमेकांना भिडले. इटलीच्या पत्रकारांनी सांतियागोबद्दल लिहिलेल्या अपमानकारक मजकुरानं आधीच डोकी तापलेली होती. इटलीच्या फेरिनीला बाहेर काढलं तरी तो जाईना, शेवटी पोलीस आत आले. लिओनेल सांचेसच्या ठोशानं इटालियन खेळाडूचं नाक मोडलं, त्याला मात्र कुणी बाहेर काढलं नाही. त्या दिवशीचे पंच होते इंग्लंडचे केन ॲस्टन. पिवळं आणि लाल कार्ड ही पुढे त्यांचीच कल्पना. १६ जूनला एलादिओ रोहासच्या शेवटच्या मिनिटाच्या गोलानं चिलीनं युगोस्लाव्हियाला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. दुसऱ्या दिवशी ब्राझीलनं चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असं नमवून विश्वचषक नेला. पुरुषांच्या विश्वचषकात चिलीची तेवढी मजल त्यानंतर कधी गेलेली नाही.

तुझं काम मात्र फुटबॉलपुरतं कधीच नव्हतं. राजधानीत एवढी माणसं एका ठिकाणी मावतील अशी दुसरी जागा नव्हती, त्यामुळे देशाला मोठ्यानं काही बोलायचं असलं की तो तुझ्याकडे यायचा. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अलेंदे यांच्या सरकारचा पहिला वाढदिवस तुझ्याकडे झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिडेल कॅस्ट्रो चिलीचा निरोप घेताना तुझ्याच व्यासपीठावरून बोलले. आणि डिसेंबर १९७२ मध्ये, नोबेल घेऊन परतलेल्या पाब्लो नेरुदांचा सत्कार तुझ्या गवतावर झाला. कवीच्या सत्कारासाठी देश फुटबॉलचं मैदान उघडतो, ही गोष्ट वाचली की मला आजही भरून येतं. अलेंदे त्या वेळी परदेश दौऱ्यावर होते, म्हणून त्यांच्या जागी जनरल कार्लोस प्रात्स बोलले. कार्यक्रमाचं दिग्दर्शन गायक आणि नाट्यदिग्दर्शक विक्टर हारा यांचं होतं.

या तिघांचं पुढे काय झालं ते इथेच सांगतो. ११ सप्टेंबर १९७३ ला जनरल पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्करानं अलेंदेंचं सरकार उलथवून सत्ता बळकावली. १६ सप्टेंबरला हारांचा खून झाला. २३ सप्टेंबरला नेरुदा गेले. ३० सप्टेंबर १९७४ ला प्रात्स आणि त्यांच्या पत्नी ब्युनोस आयर्समध्ये गाडीखाली लावलेल्या बॉम्बनं मारले गेले. तो बॉम्ब पिनोशेंच्या गुप्त पोलिसांचा होता.

हारांना तुझ्यातच मारलं असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते खरं नाही. ती जागा शहरातलंच दुसरं, छोटं, छप्पर असलेलं एस्तादियो चिले. त्याला आता हारांचंच नाव आहे. त्या जागेचं दुःख तिचं तिला असू दे. तुझ्या वाट्याला जे आलं, ते कमी नाही.

१२ सप्टेंबरपासून लष्करानं माणसं तुझ्याकडे आणायला सुरुवात केली. कारखान्यांतले कामगार, विद्यापीठांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक, वस्त्यांमधले कार्यकर्ते, डॉक्टर, परदेशी पाहुणे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात रेडक्रॉसचे लोक आत गेले, तेव्हा त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात हजार माणसं तुझ्यात कोंडलेली होती. दोन महिन्यांत एकूण किती जण येऊन गेले यावर एकवाक्यता नाही. कमीत कमी धरलेला आकडाही काही हजारांचा आहे.

हे सगळं मी वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट मनातून जाईना. लष्कराला तुझ्यात जवळजवळ काहीच बदलावं लागलं नाही. मोठा जमाव आत घ्यायचा, विभागून बसवायचा, नजरेखाली ठेवायचा आणि क्रमानं बाहेर सोडायचा, यासाठीच स्टेडियम बांधतात. सज्ज्यांकडे उघडणारे क्रमांक घातलेले दरवाजे होते, त्यांना तुमच्याकडे एस्कोतिया म्हणतात. त्यांच्यामागच्या सिमेंटच्या बोळांत रात्री माणसं झोपवली गेली. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या कोठड्या झाल्या. स्त्रियांना पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोल्यांत डांबलं. सायकल शर्यतींच्या वेलोड्रोममध्ये चौकशी आणि छळ चाले. दिवसा कैद्यांना सज्ज्यांत आणून बसवत. गोल झाल्याची घोषणा ज्या भोंग्यांवरून व्हायची, त्यांच्यावरून नावं पुकारली जात. नाव आलं की उठून 'काळी चकती' नावाच्या ठरलेल्या खुणेपाशी जाऊन उभं राहायचं, तिथून चौकशीला नेत. कधी तोंडावर बुरखा घातलेला एक माणूस रांगांपुढून फिरवला जाई. तो बोट दाखवी, त्याला उचलत. प्रेक्षकांच्या जागेवर बसलेली ती माणसं रिकाम्या मैदानाकडे पाहत कुणाचं नाव येतं याची वाट बघत असायची.

बाहेर ग्रेसिया रस्त्यावरच्या फाटकापाशी बायका, आया, बहिणी दिवसदिवस उभ्या असत. आपला माणूस आत आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

आत असलेल्यांत हुगो लेपे हा खेळाडू होता. १९६२ च्या चिलीच्या विश्वचषक संघातला. ज्या संघासाठी तुझे सज्जे गर्जले होते, त्यातल्याच एकाला तुझ्यात कैदी करून ठेवलं होतं. फ्रँक टेरुजी हा अमेरिकन विद्यार्थीही आत होता. त्याला मारलं गेलं. चार्ल्स हॉर्मन हा दुसरा अमेरिकन तरुण त्याच दिवसांत मारला गेला. त्याला शोधत आलेल्या वडिलांची आणि पत्नीची गोष्ट कोस्ता-गाव्रास यांनी 'मिसिंग' या १९८२ च्या चित्रपटात सांगितली. अमेरिकन नावं असल्यामुळे जगाला या दोघांबद्दल कळलं. चिलीच्या बहुसंख्य कैद्यांवर कुणी चित्रपट काढला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो.

१९७४ च्या विश्वचषकात जाण्यासाठी चिलीला सोव्हिएत संघाशी दोन सामने खेळायचे होते. पहिला मॉस्कोत २६ सप्टेंबरला झाला, म्हणजे बंडानंतर पंधरवड्यानं, आणि ०-० असा सुटला. परतीचा सामना २१ नोव्हेंबरला तुझ्याकडे ठरला होता. छळछावणी झालेल्या मैदानात आम्ही खेळणार नाही, सामना तिसऱ्या देशात घ्या, अशी मागणी सोव्हिएत महासंघानं केली. सोव्हिएत राजवटीनं स्वतःच्या माणसांचं काय केलं हे मला ठाऊक आहे, तिला मी नैतिकतेचं प्रशस्तिपत्र देणार नाही. पण त्या मागणीतला शब्द न् शब्द खरा होता.

फिफानं पाहणीसाठी दोन माणसं पाठवली. सरचिटणीस हेल्मुट केझर आणि उपाध्यक्ष अबिलिओ द'आल्मेदा २४ ऑक्टोबरला तुझ्या दारात आले. त्या दिवशीही आत कैदी होते. त्यांना बंदुकीच्या धाकानं तुझ्या पोटातल्या बोळांत आणि खोल्यांत गप्प बसवून ठेवलं होतं. पाहुणे गवतावरून फिरले, त्यांनी सज्जे पाहिले, पत्रकारांशी बोलले. आणि अहवाल दिला, की मैदान सुस्थितीत आहे, आतले लोक कैदी नसून ओळख पटवण्यासाठी थांबवलेले आहेत, सामना व्हायला हरकत नाही.

त्या दोघांना काहीच दिसलं नाही असं मी मानत नाही. आत लोक आहेत हे अहवालातच लिहिलेलं आहे. त्यांनी पाहिलं, आणि ते आपल्या कामाचं नाही असं ठरवलं. गवत बरोबर आहे ना, मग झालं. खेळात राजकारण नको हे वाक्य आपण आजही सहज बोलतो. त्या वाक्याची खरी किंमत कुणी मोजली, हे बघायचं तर त्या २४ ऑक्टोबरकडे बघावं.

९ नोव्हेंबरला उरलेल्या कैद्यांना हलवलं. त्यातल्या पुष्कळांची रवानगी उत्तरेच्या वाळवंटातल्या चाकाबुको या ओसाड पडलेल्या खाणगावात झाली. बारा दिवसांनी तुझं गवत सामन्यासाठी सज्ज झालं. सोव्हिएत संघ आला नव्हता. चिलीचे अकरा जण रांगेत उभे राहिले, राष्ट्रगीत झालं, पंचांनी शिटी वाजवली. समोर कुणी नाही. गोलकीपर नाही, बचावपटू नाही. चिलीचे खेळाडू हळूहळू पळत, एकमेकांकडे चेंडू सरकवत पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देसनं तो मोकळ्या जाळ्यात ढकलला. अर्ध्या मिनिटाचा खेळ. चित्रफीत उपलब्ध आहे, ज्यांना फुटबॉल आवडतो त्या प्रत्येकानं ती एकदा पाहावी. गोल झाल्यावर एकाही खेळाडूच्या देहात आनंद दिसत नाही. त्यांच्यातल्या काहींनी पुढे उघडपणे सांगितलं, की त्या गोलाची शरम आयुष्यभर वाटत राहिली. प्रेक्षकांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून ब्राझीलच्या सांतोस क्लबाला बोलावलं होतं. सांतोसनं पाच गोल केले, चिलीला एकही करता आला नाही.

त्या अकरांत कार्लोस कास्झेली होता. बुटका, चपळ, डाव्या विचारांचा. संघ जर्मनीला निघण्यापूर्वी पिनोशे निरोप द्यायला आले आणि एकेकाशी हस्तांदोलन करत पुढे सरकले. कास्झेलीनं आपले हात पाठीमागेच ठेवले. त्याच्या आईला, ओल्गा गारिदो यांना, लष्करानं पकडून नेलं आणि त्यांचा छळ केला. १४ जून १९७४ ला पश्चिम जर्मनीविरुद्ध कास्झेलीला लाल कार्ड मिळालं. विश्वचषकाच्या इतिहासातलं ते पहिलं लाल कार्ड. तुझ्या गवतावर तो भयंकर सामना चालवणाऱ्या ॲस्टन यांच्या कल्पनेतून आलेलं कार्ड पहिल्यांदा मिळालं ते चिलीच्याच खेळाडूला. १९८८ मध्ये पिनोशेंना आणखी आठ वर्षं द्यायची का यावर सार्वमत घेतलं गेलं, तेव्हा 'नाही'च्या प्रचारात दूरदर्शनवर एक साधी बाई आली. आपल्यावर काय गुदरलं ते तिनं शांतपणे सांगितलं. मग तिच्या शेजारी कास्झेली दिसला आणि ही माझी आई आहे, असं म्हणाला. ५ ऑक्टोबरला सुमारे ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं.

तुझ्यासारखं नशीब तुझ्या भावंडांपैकीही काहींच्या वाट्याला आलं आहे. १९७८ चा विश्वचषक ब्युनोस आयर्सच्या मोनुमेंतालमध्ये अर्जेंटिनानं जिंकला, तेव्हा तिथून जवळच नौदलाच्या शाळेत लष्करशाहीचे कैदी होते आणि जल्लोष त्यांच्या कानांवर पडत होता. लिमाच्या मैदानात २४ मे १९६४ ला अश्रुधूर आणि बंद दरवाज्यांमुळे सरकारी आकड्याप्रमाणे ३२८ माणसं गेली. पण फिफाचे पाहुणे फिरत असताना कैदी पायाखाली दडवलेले, असं दुसऱ्या कुठल्या मैदानाबद्दल मी वाचलेलं नाही.

लोकशाही परत आली ती तुझ्याच दारातून. ११ मार्च १९९० ला पात्रिसिओ आयल्विन यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी देश तुझ्यात जमला. बेपत्ता झालेल्यांची नावं तुझ्या फलकावर झळकली. कुएका हे चिलीचं लोकनृत्य. ते जोडीनं नाचायचं असतं. बेपत्ता झालेल्यांच्या बायका, आया, मुली ते एकटीनंच नाचू लागल्या होत्या. त्या दिवशी तुझ्या मैदानावर ते नृत्य झालं. आयल्विन यांनी भाषणात नागरिकांबरोबर लष्करातल्या लोकांचाही उल्लेख केला, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. म्हातारे आयल्विन ठाम राहिले: चिली एकच आहे. त्यांचं बरोबर होतं का, यावर तुमच्याकडे अजून मतभेद आहेत. मला तो ठामपणा आवडतो आणि ती हुर्योही रास्त वाटते.

पुढे तुझं काय करायचं, हा प्रश्न होताच. पाडून टाकावं, म्हणजे वेदना संपेल? की खेळ बंद करून फक्त स्मारक करावं? चिलीनं दोन्ही केलं नाही. २००३ मध्ये तुला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मोठं नूतनीकरण २०१० मध्ये पुरं झालं आणि सज्ज्यांत नव्या खुर्च्या आल्या, पण एस्कोतिया आठचा भाग तसाच ठेवला गेला. गोलच्या मागच्या बाजूला, नव्या खुर्च्यांच्या मधोमध, जुन्या लाकडी बाकांचा एक तुकडा कुंपण घालून राखलेला आहे. लाकूड करडं पडलंय, पाठ टेकायला काही नाही. त्याच्यामागे बोळात भिंतींवर कैद्यांनी ओरखडून ठेवलेल्या खुणा आहेत. बाकांच्या वर लिहिलेलं आहे, की स्मृती नसलेल्या जनतेला भविष्य नसतं. सामना कितीही मोठा असो, त्या बाकांवर कुणी बसत नाही. ४ जुलै २०१५ ला चिलीनं अर्जेंटिनाला पेनल्टींवर हरवून पहिल्यांदा कोपा अमेरिका जिंकला, अलेक्सिस सांचेसनं चेंडू अलगद मधोमध उचलला आणि अवघं स्टेडियम वेडं झालं, तेव्हाही तो तुकडा रिकामाच होता.

मला हे फार मोठं वाटतं. संग्रहालयात ज्याला जायचं तोच जातो. तुझ्याकडे माणूस फुटबॉलसाठी येतो, ओरडायला, शिव्या द्यायला, पोराला खांद्यावर घेऊन नाचायला, आणि तरी ती बाकं त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पोरगं विचारतंच, तिथे कुणी का बसत नाही? मग बापाला उत्तर द्यावं लागतं.

तुला आता हुलिओ मार्तिनेस या जुन्या क्रीडापत्रकाराचं नाव आहे. भला माणूस असणार, लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं. पण आम्ही तुला नुसतं नॅशनल स्टेडियमच म्हणणार, कारण देशाचं जे जे झालं ते तुझ्यात झालं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फिफाच्या वीस वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना तुझ्याकडे झाला, मोरोक्कोच्या पोरांनी अर्जेंटिनाला हरवलं. फिफा तुझ्या दारात पुन्हा आली, हे चांगलंच. आता तिनं आणखी एक काम करावं. झ्युरिकमध्ये तिचं स्वतःचं संग्रहालय आहे. तिथे २४ ऑक्टोबर १९७३ च्या पाहणीचा अहवाल काचेआड, सगळ्यांना वाचता येईल असा मांडावा, आणि शेजारी त्या अर्ध्या मिनिटाच्या गोलाची चित्रफीत चालू ठेवावी. आणि तुझ्या पुढच्या नूतनीकरणाची निविदा निघेल तेव्हा तुमच्या लोकांनी एस्कोतिया आठच्या एकाही फळीला हात लावू नये, खुर्च्यांची संख्या कितीही कमी भरो.

आमच्या वाचकांना एकच सांगणं. सांतियागोहून सामना दाखवत असतील, तर गोलच्या मागे रिकाम्या बाकांचा तुकडा शोधा. आणि चिलीत निवडणूक असेल, तर बातम्यांत त्याच फाटकाबाहेरची रांग पाहा. ज्या फाटकाशी बायका आपल्या माणसांची चौकशी करत उभ्या होत्या, तिथेच आता लोक मत द्यायला उभे असतात, कारण देशातलं सर्वांत मोठं मतदान केंद्र एस्तादियो नासिओनाल हेच आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक मराठी फुटबॉलप्रेमी